शिशाची प्राचीन नाणी कपाटात कशी ठेवावीत

सातवाहनांची शिशाची नाणी आणि कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडलेली स्थानिक कुर राजांची मोठी शिशाची नाणी सुमारे दोन हजार वर्षे मातीत टिकली, पण लाकडी कपाटात ठेवलेली अशी नाणी काही वर्षांतच पांढरी पडू शकतात. पिठासारखी ही भुकटी म्हणजे बुरशी नव्हे. ती पुसली तर तिच्याबरोबर हत्तीची सोंड किंवा ब्राह्मी अक्षराची कडही निघून येते, म्हणून फडके हाती घेण्याआधी कपाटाकडे पाहावे.

लाकूड, प्लायवूड, त्यातील गोंद आणि ताजे वॉर्निश यांतून ॲसेटिक आम्लाची वाफ सुटत राहते. दमट हवेत ती शिशावर बसते आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडमुळे तेथे शिशाचे पांढरे कार्बोनेट तयार होते. या क्रियेत आम्ल पुन्हा मोकळे होत असल्यामुळे थोडीशी वाफही पुष्कळ नुकसान करते. पूर्वी रंगासाठी सफेता, म्हणजे शिशाची पांढरी भुकटी, करताना शिशाचे पत्रे व्हिनेगरच्या भांड्यांवर ठेवून ती भांडी शेणात पुरत असत. बंद लाकडी खणात नकळत तीच भट्टी लागते.

त्यामुळे नाणी पावडर कोटिंग केलेल्या पत्र्याच्या कपाटात ठेवावीत. काचेच्या पेटीचे सांधे भरण्यासाठी जे सिलिकॉन सुकताना व्हिनेगरसारखा वास देते, ते वापरू नये. प्रत्येक नाणे स्वतंत्र पॉलिथिलीनच्या पिशवीत ठेवावे. नाण्यांच्या अल्बममधील मऊ, वास येणारे कप्पे बहुधा पीव्हीसीचे असतात, ते टाळावेत. ओळखपत्रिका आम्लरहित कागदावर पेन्सिलीने लिहावी. लाकडी कपाट बदलणे शक्यच नसेल, तर पिशव्या घट्ट झाकणाच्या पॉलिप्रॉपिलीनच्या डब्यात ठेवून सोबत सक्रिय कोळशाची पुडी ठेवावी, कारण तो वाफ शोषून घेतो.

पावसाळ्यात डब्यात ओलावा शोषणारी सिलिका जेलही हवी. निळ्या जेलमध्ये विषारी कोबाल्ट क्लोराइड असते, त्यामुळे नारिंगी जेल बरी. तिचा रंग बदलला की ती ओव्हनमध्ये सुमारे ११० अंश सेल्सिअसला काही तास तापवून पुन्हा वापरता येते. तांब्याच्या नाण्यांवर फिकट हिरवी भुकटी येत असेल, तर ती वेगळ्या डब्यात, ३५ टक्क्यांपेक्षा कमी सापेक्ष आर्द्रतेत ठेवावीत.

नाणी हाताळताना नायट्राइलचे हातमोजे घालावेत. भुकटी विषारी असल्याने ती फुंकू नये आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. चिंच-लिंबाने नाणी उजळवण्याचा मोह तर पूर्णपणे टाळावा, कारण या आंबटपणाने मूळ पृष्ठभागच विरघळतो.

कपाट सुरक्षित आहे का, हे पाहण्यासाठी शिशाची एक पट्टी बारीक पॉलिशपेपरने घासून चमकवावी आणि नाण्यांपासून दूर, त्याच खणात उघडी ठेवावी. तिच्यावर तारीख लिहिलेली चिठ्ठी दोऱ्याने बांधून महिन्याला एकदा टॉर्चच्या तिरप्या प्रकाशात ती पाहावी. चमक जाऊन ती नुसती राखाडी झाली तर चिंतेचे कारण नाही, मात्र कडेला पांढरा ठिपका दिसला तर त्याच दिवशी सगळी नाणी त्या कपाटातून बाहेर काढावीत.