साइट ब्लॉक केली, तरी उघडतेच? या चुका टाळा

साइट बंद करायचे धडे बहुतेक राउटरपासून सुरू होतात, आणि खेड्यातल्या कितीतरी घरांत राउटरच नसतो. विंडोजच्या कॉम्प्युटरला नेट येतं बाबांच्या हॉटस्पॉटवरून, नाहीतर चार्जिंगच्या वायरीतून. सगळ्यात जास्त दिसणारी चूक इथलीच.

रविवारी कोणीतरी वाय-फायच्या सेटिंगमध्ये फॅमिली डीएनएस टाकतो. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी सेवा; फॅमिलीवाली नको त्या साइटचा पत्ता देत नाही. नको ती साइट उघडत नाही, खूश! सोमवारी पोट्टं फोनला वायर लावून यूएसबी टेथरिंग (फोनचं नेट वायरीतून कॉम्प्युटरला देणं) चालू करतं आणि सगळं पुन्हा सताड उघडं. मग घरभर आरडाओरडा, "यानं हॅक केलं!" त्यानं काहीच केलेलं नसतं. विंडोजमध्ये डीएनएस प्रत्येक जोडणीला वेगळा असतो. वायर लावली की 'इथरनेट २' अशा नावाची नवी जोडणी तयार होते. काकांचा फोन लावला की आणखी एक.

म्हणून घरातला प्रत्येक फोन एकदा वायरीने जोडा. कंट्रोल पॅनेलच्या 'नेटवर्क कनेक्शन्स'मध्ये त्या-त्या जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जा. आयपीव्ही४ (इंटरनेट पत्त्यांची जुनी पद्धत) मध्ये फॅमिली डीएनएसचे पत्ते १.१.१.३ आणि १.०.०.३ भरा. आयपीव्ही६ (नवी पद्धत) सोडू नका, फोनच्या डेटावर ते सर्रास असतं: २६०६:४७००:४७००::१११३ आणि २६०६:४७००:४७००::१००३. १.१.१.२ टाकलात तर फक्त व्हायरसवाल्या साइट अडतात, अश्लील नाही. आता कमांड प्रॉम्प्टवर 'एनएसलुकअप' आणि साइटचं नाव द्या. 'सर्व्हर'च्या खालच्या 'अॅड्रेस' ओळीत तुम्ही भरलेला पत्ता न येता १९२.१६८ ने सुरू होणारा आला, तर अजून फोनच उत्तर देतोय. घरात नवा फोन आला की हे सगळं पुन्हा. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही.

दुसरी चूक होस्ट्स फाइलमधली; ही विंडोजचीच फाइल, हिच्यात साइटचं नाव खोट्या पत्त्याला जोडलं की ती उघडत नाही. व्हिडिओत दोन मिनिटांत होते, घरी होत नाही. नोटपॅड साधंच उघडलं तर सेव्ह करताना परवानगी नाही म्हणतं. घाईवाले तीच फाइल डेस्कटॉपवर ठेवून मोकळे होतात. नोटपॅडवर राइट क्लिक, 'रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर', मग फाइल उघडा. 'सेव्ह अॅज' केलंत तर प्रकार 'ऑल फाइल्स' ठेवा, नाहीतर शेवटी डॉट टीएक्सटी चिकटतं. विंडोज ते शेपूट लपवतं, त्यामुळे नाव बरोबर दिसतं आणि काम शून्य. ओळीत ०.०.०.०, एक जागा सोडून साइटचं नाव. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं, दोन वेगळ्या ओळी. एचटीटीपी लिहायचं नाही, तारांकनही चालत नाही. मग कमांड प्रॉम्प्टवर 'आयपीकॉन्फिग /फ्लशडीएनएस' (साठवलेले जुने पत्ते पुसायला) आणि ब्राउझर पूर्ण बंद.

आणि पोट्ट्याचं विंडोजचं खातं अॅडमिनिस्ट्रेटर (सगळी सेटिंग बदलू शकणारं) असेल तर वरचं सगळं पाण्यात. आधी स्वतःचं अॅडमिन खातं पासवर्डसह बनवा, त्यात लॉगिन होतं का बघा, मगच त्याचं 'स्टँडर्ड' करा. गाडीचा नंबर पासवर्ड ठेवू नका, तो त्याला तोंडपाठ आहे.

बाकी किरकोळ. क्रोमच्या 'सिक्युअर डीएनएस'मध्ये दुसरा पुरवठादार निवडलेला असेल तर तुमच्या डीएनएसला कोणी विचारत नाही. फुकटचं व्हीपीएन एक्स्टेन्शन (नेट दुसऱ्याच वाटेने फिरवून ब्लॉक चुकवणारी ब्राउझरची जोड) दिसलं की काढा. ब्लॉक करणारं एक्स्टेन्शन इनकॉग्निटोत आपोआप चालत नाही, तशी परवानगी द्यावी लागते. आणि 'सेक्स' हा शब्दच अडवणारे फिल्टर तर लावूच नका. बारावीच्या बायोलॉजीतला 'सेक्शुअल रिप्रॉडक्शन'चा धडा त्यात अडकतो, आणि पोरगी नीटच्या तयारीला बसलेली असते.