लोह आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या एकत्र कशा घ्याव्यात

या दोन गोळ्या एकाच वेळी घेतल्या तर चालतात का? खुशाल घ्या, त्या एकमेकींच्या आड येत नाहीत. कित्येकदा एकाच गोळीत दोन्ही असतात. सांभाळायचं असतं ते लोहाला, कारण ते मुळातच कमी शोषलं जातं.

आधी स्ट्रिप उलटी करून बारीक अक्षरं वाचा. ‘फेरस फ्युमरेट 200 मिग्रॅ’ म्हणजे 200 मिग्रॅ लोह नव्हे. प्रत्यक्ष लोह सुमारे 65 मिग्रॅच असतं. सोबत मल्टिव्हिटॅमिन घेत असाल तर त्यातलं लोहही मोजा. गरोदरपणासाठी जागतिक आरोग्य संघटना रोज 30 ते 60 मिग्रॅ लोह आणि 400 मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड सुचवते. फोलिक अ‍ॅसिड मात्र दिवस जाण्याआधीपासूनच हवं. बाळाच्या मेंदूचा आणि मज्जारज्जूचा पाया गर्भधारणेनंतर साधारण 28 दिवसांत घातला जातो, आणि तोवर अनेकींना आपण गरोदर आहोत हेच कळलेलं नसतं.

आता वेळ ठरवा. रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणाआधी एक तास किंवा नंतर दोन तासांनी, पाण्यासोबत घ्या. चहा, कॉफी, दूध, कॅल्शियम आणि अँटासिड यांच्यापासून दोन तास लांब. थायरॉइडच्या गोळीपासून चार तास. हे सगळं एका दिवसात बसवायचं कसं? सकाळी उठल्यावर थायरॉइडची गोळी, नाश्त्यानंतर चहा, दुपारच्या जेवणासोबत कॅल्शियम, आणि रात्री जेवणानंतर दोन तासांनी, झोपताना लोह आणि फोलिक अ‍ॅसिड. मला ही रात्रीची वेळ सगळ्यात सोयीची वाटते, कारण तेव्हा चहा आडवा येत नाही.

मळमळ झाली तर थोडं खाऊन घ्या. शोषण जरा कमी होईल, पण गोळी बंद करण्यापेक्षा ते केव्हाही बरं. शौचाला काळी होते, ती लोहामुळे. डांबरासारखी चिकट आणि दुर्गंधीयुक्त असेल तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा. एखादा डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नका. त्रास फारच होत असेल तर दिवसाआड घेण्याबद्दल विचारा; डोस घेतल्यावर शरीर साधारण दिवसभर लोहाचं शोषण कमी करतं, त्यामुळे हा मार्ग अनेकांना मानवतो.

खरी चूक पुढे होते. दोन-तीन आठवड्यांत तरतरी येते आणि गोळ्या कपाटात जातात. असं करू नका. हिमोग्लोबिन जागेवर आल्यावरही शरीरातला साठा भरायला आणखी सुमारे तीन महिने लागतात.

थॅलेसेमिया असेल, फिट्सची औषधं किंवा मेथोट्रेक्सेट (संधिवातासारख्या आजारांवरचं औषध) चालू असेल, तर सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. हातापायांना मुंग्या येत असतील तर बी-12 तपासून घ्या. बी-12 कमी असताना नुसत्या फोलिक अ‍ॅसिडने रक्ताचा रिपोर्ट सुधारलेला दिसतो, पण आत नसांचं नुकसान चालूच राहतं.

आणि डबी उंचावर, कुलपात ठेवा. लहान मुलांना या गोळ्या खाऊसारख्या दिसतात, आणि मूठभर लोह त्यांच्या जिवावर बेतू शकतं.