डोकेदुखीची नोंदवही कशी ठेवावी

वारंवार डोके दुखणारा माणूस औषधाच्या दुकानातून गोळ्यांची पट्टी आणून ठेवतो, दुखू लागले की एक घेतो, आणि दुखणे का उद्भवते हा प्रश्न तसाच राहतो. गोळ्या टाकून द्याव्यात असे मी म्हणणार नाही. अर्धशिशीची वेदना खरी असते आणि ती निमूट सोसण्यात काही मोठेपणा नाही. मात्र निदान महिनाभर नोंदवही ठेवावी.

नोंद त्याच दिवशी करावी. दुखणे केव्हा सुरू झाले, ठणकते की आवळल्यासारखे वाटते, मळमळते का, उजेड सोसतो का, झोप किती झाली, उपवास होता का, पाळीचे दिवस होते का, एवढे पुरे. गोळीचे केवळ नाव न लिहिता पट्टीमागे छापलेले घटक लिहावेत, कारण सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते आणि नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते. गुडघ्यासाठी किंवा पाठीसाठी घेतलेली गोळीही याच वहीत यावी.

महिनाअखेरीस गोळ्या नव्हे, तर गोळी घेतलेले दिवस मोजावेत. मुळात डोकेदुखीचा त्रास असलेल्या व्यक्तीने पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेनसारखी साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, अथवा कॅफीन मिसळलेल्या संयुक्त गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशी ३ महिन्यांहून जास्त काळ घेतली, तर त्या औषधांमुळेच डोके दुखत राहू शकते. अंमल उतरला की दुखणे परतते, त्यावर पुन्हा गोळी घेतली जाते, आणि दुखण्याचे दिवस वाढत जातात.

दिवस इतके भरले असतील तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावे. साध्या गोळ्या बहुधा एकदम थांबवता येतात, परंतु सुरुवातीचे काही दिवस डोके आधीपेक्षा जास्त दुखते. हे कोणी सांगितलेले नसल्यास माणूस घाबरून पुन्हा गोळीकडे वळतो, म्हणून त्या दिवसांत काय करायचे ते आधीच विचारून घ्यावे. ट्रामाडॉल किंवा कोडीन असलेली औषधे मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करावीत. अर्धशिशीचे झटके कमी व्हावेत म्हणून रोज घ्यायची वेगळी औषधे असतात, त्यांविषयीही आवर्जून विचारावे.

डोके अचानक, काही क्षणांत असह्य दुखू लागले, तापासोबत मान ताठरली, हातापायातले बळ गेले, बोलणे अडखळू लागले किंवा डोक्याला मार लागल्यानंतर दुखणे वाढत चालले, तर नोंद करीत न बसता तत्काळ रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेली डोकेदुखीही डॉक्टरांना विनाविलंब दाखवावी.