भाड्याच्या घरात कॉमिक्सचा संग्रह आणि सुट्टीचा सिनेमा कसा सांभाळावा

पुण्या-मुंबईत भाड्याने राहणाऱ्या नोकरदाराला स्वतःचे म्हणावे असे शनिवार-रविवार एवढे दोनच दिवस मिळतात आणि नेमके त्याच दिवशी घरमालक न सांगता येतात, एजंट पुढच्या गिऱ्हाइकाला घर दाखवायला आणतो किंवा रखडलेली दुरुस्ती निघते. हे दोन दिवस जुनी कॉमिक्स वाचण्यात आणि मित्रांसोबत सिनेमा पाहण्यात घालवायचे असतील, तर तयारी करारावर सही करण्यापूर्वीच सुरू करावी.

महाराष्ट्रात बहुतेक घरे 11 महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. त्यामुळे ‘अकरा महिन्यांसाठी नोटरी पुरे’ हे एजंटचे म्हणणे मुळीच मान्य करू नये. खर्चाची सबबही टिकत नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर, अधिक परत मिळणाऱ्या अनामत रकमेवर वर्षाला 10 टक्के दराने धरलेल्या व्याजावर, 0.25 टक्के लागते. महिना 25,000 रुपये भाडे आणि 1,00,000 रुपये अनामत असेल, तर 11 महिन्यांच्या करारावर हे शुल्क साधारण 710 रुपये होते; नोंदणी फी वेगळी.

मसुदा मिळाल्यावर तो शांतपणे वाचावा आणि घरमालकांनी घर पाहायला येण्यापूर्वी किमान एक दिवस आधी कळवावे, मुक्कामी पाहुण्यांना हरकत नसावी, ओल व गळतीची दुरुस्ती मालकांच्या खर्चाने व्हावी आणि घर सोडताना रंगकामाचे पैसे कापायचे असल्यास किती, एवढ्या अटी त्यात स्पष्ट घालून घ्याव्यात. मागायला संकोच वाटतो हे खरे आहे, पण ‘काका, तुम्हालाही नंतर त्रास नको म्हणून लिहून ठेवू या’ असे आदराने म्हटले की बहुतेक ज्येष्ठ घरमालक ऐकतात. तोंडी कबूल केलेली गोष्ट अनामत परत करण्याच्या वेळी कुणालाच आठवत नाही.

संग्रह असणाऱ्याने घर पाहताना सर्वांत आधी भिंती तपासाव्यात. बाथरूमला लागून असलेल्या आणि पावसाचा मारा बसणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर तळहात ठेवून गारवा जाणवतो का, कपाटामागे पोपडे आले आहेत का आणि एकाच पट्ट्यात ताजा रंग दिलेला दिसतो का, हे पाहावे. चावी मिळेल त्याच दिवशी अशा प्रत्येक डागाचे फोटो काढून घरमालकांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावेत, म्हणजे तो डाग नंतर आपल्या नावावर चढत नाही.

ही काळजी अनाठायी नाही. इंद्रजाल कॉमिक्स 1964 मध्ये सुरू झाली आणि 1990 मध्ये बंद पडली, म्हणजे त्यातल्या वेताळाचा (फँटमचा) किंवा जादूगार मँड्रेकचा अगदी शेवटचा अंकही आज तीस वर्षांहून जुना आहे. त्याचा कागद स्वस्त असल्यामुळे पिवळा पडून कडांना ठिसूळ होतो. दमट हवेत मधल्या पिना गंजतात, गंजाचा तपकिरी डाग जोडपानात उतरतो आणि तिथूनच पान सुटते. सुटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये. तिचा गोंद काही वर्षांनी कागदात मुरून कायमचा डाग पाडतो. प्रत्येक अंक पॉलिप्रॉपिलीनच्या पारदर्शक पिशवीत घालून झाकणाच्या प्लॅस्टिक पेटीत उभा ठेवावा, सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि पेटी भिंतीपासून वीतभर दूर, जमिनीपासून वर ठेवावी. डांबराच्या गोळ्या टाळलेल्या बऱ्या, कारण त्यांचा वास पानांतून लवकर जात नाही. दसऱ्यानंतर हवा कोरडी झाली की एखाद्या रविवारी सगळे अंक बाहेर काढून पंख्याखाली, सावलीत, पसरावेत आणि कसर लागलेला अंक दिसल्यास तो लगेच वेगळा करावा. हे काम मुलांना सोबत घेऊन केले तर निम्मा दिवस वाचण्यातच जातो आणि तो तसा जावा.

सिनेमासाठी भिंतीला खिळे ठोकण्याची गरज नसते. लहान प्रोजेक्टर स्टुलावर ठेवून पडद्याच्या दांडीला इस्त्री केलेली पांढरी चादर लावली तरी चित्र उत्तम दिसते. स्पीकर शेजाऱ्यांच्या सामाईक भिंतीला टेकवू नयेत, खाली जाड रबरी मॅट घालावी आणि बेस कमी ठेवावा. रात्री 10 नंतर आवाज आपल्या खोलीबाहेर जाणार नाही इतकाच असावा. सोसायटीकडून घरमालकांकडे गेलेली एक तक्रारही पुढच्या वेळी कराराचे नूतनीकरण करताना आड येते.

घर बदलताना कॉमिक्स मोठ्या खोक्यात भरू नयेत. कागद फार जड असतो आणि खोक्याचा तळ जिन्यातच फाटतो. एका माणसाला सहज उचलता येतील अशी लहान खोकी करून प्रत्येकावर अंकांची यादी चिकटवावी, टेम्पोत त्यांच्यावर दुसरे सामान येऊ देऊ नये आणि दुर्मीळ अंकांची पिशवी स्वतःजवळच ठेवावी.