केळीच्या नोंदणी फॉर्मला जँगोचे नियम

रावेर-यावलच्या केळी बागायतदारांचा नोंदणी फॉर्म जँगोत (पायथन भाषेत वेबसाइट बनवायची चौकट) करताना मोबाइल नंबर मी कॅरेक्टर फील्डमध्येच, म्हणजे मजकुराच्या रकान्यातच घेतो. त्याची बेरीज कोणाला करायचीय? रेजेक्स व्हॅलिडेटरमध्ये (मजकुराचा साचा तपासणारा नियम) पहिला अंक ६ ते ९, पुढे ९ अंक. नुसतं बॅकस्लॅश-डी (म्हणजे ‘कोणताही अंक’) १० वेळा लिहिलं, तर पायथन देवनागरी आकडेही पास करतो, आणि आपल्याकडे मराठी कीबोर्डवाले पुष्कळ. ते आकडे फील्डच्या टू-पायथनमध्येच (आलेली किंमत तपासणीआधी बदलून घेणारी मेथड) इंग्रजी आकड्यांत बदला, कारण फॉर्ममधली फील्डवार क्लीन मेथड व्हॅलिडेटरनंतर चालते.

बागेच्या क्षेत्रफळाला किमान मर्यादा पुरे.

कापणीची तारीख लागवडीनंतरचीच आहे ना, हे फॉर्मच्या क्लीनमध्ये (एकेक फील्ड तपासून झाल्यावर चालणारी मेथड) तपासा. दोन्ही तारखा गेटने (नसलेल्या गोष्टीवर एरर न देणारी मेथड) काढा, आणि दोन्ही मिळाल्या तरच तुलना करा. कारण आधीच नापास झालेलं फील्ड क्लीन्ड-डेटात (पास झालेल्या माहितीत) नसतं. आणि ‘अवैध इनपुट’ कसलं दाखवता? ‘भाऊ, १० आकडी नंबर टाका’ लिहा.