कोल्हापूर ते न्यू जर्सी: तास दारापासून मोजा

न्यू जर्सीत नवीन आलेल्या प्रत्येक कोल्हापूरकराला घरून एकच प्रश्न येतो: "विमानाला किती तास लागतात रं?" आपण 'पंधरा-सोळा' म्हणून मोकळे होतो. ते खोटं नाही, पण आई-बाबांना यायचं असेल तर तो आकडा विसरा आणि दीड दिवस धरा.

मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. नकाशावर वाट पश्चिमेची दिसते, पण पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघा, तो रशिया-स्कँडिनेव्हियाच्या अंगानं वर चढतो. इकडे येताना वारा समोरून, जाताना पाठीशी. म्हणून परतीला तास-दोन तास कमी. दुबई किंवा दोहामार्गे आलात तर वीस-चोवीस तास, पण तिकीट बऱ्याचदा स्वस्त. तुम्ही स्वतः खुशाल तसे फिरा. म्हातारी माणसं पहिल्यांदा एकटी येणार असतील तर थेट विमानच घ्या, आणि चालता येत असलं तरी व्हीलचेअर तिकिटासोबतच नोंदवा.

खरी परीक्षा मुंबईच्या अलीकडं. घरापासून पावणेचारशे किलोमीटर, गाडीनं आठ-नऊ तास, वर पुण्यातला आणि घाटातला खोळंबा. महालक्ष्मी एक्सप्रेसनं गेलं तर सकाळी उतरायचं आणि विमान मध्यरात्रीनंतर. दिवसभर टेकायला ठाण्याचा-दादरचा पाहुणा लागतो. रेल्वे आणि विमानाचं तिकीट वेगवेगळं असतं; गाडी लेट झाली तर विमान कंपनी ऐकून घेत नाही. पावसाळ्यात तर एक दिवस आधीच निघा. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं आणि रस्ता बंद झाला होता.

तारखेकडं नीट बघा. तिकिटावर 15 तारीख, रात्री दीड असेल तर विमानतळावर 14 च्या रात्री दहालाच पोचायचं. यात भले भले फसतात.

कांदा-लसूण मसाला चेक-इन बॅगेतच. अमेरिकेच्या विमानात हातातल्या बॅगेत 350 मिलिलीटरपेक्षा जास्त पूड असली की तपासणीत अडवतात. तेल सुटतं, म्हणून दोन पिशव्यांत बांधा, आणि इथं उतरल्यावर कस्टमच्या माणसाला खाण्याचं काय आणलंय ते सरळ सांगायला लावा. सुकं मटण मात्र आणू देऊ नका.

घड्याळ: मार्च ते नोव्हेंबर साडेनऊ तासांचा फरक, थंडीत साडेदहा. उन्हाळ्यात तिकडं कोल्हापुरात सकाळचे सात म्हणजे इकडं न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेनऊ. आलेली माणसं सुरुवातीचे काही दिवस पहाटे तीनला टक्क जागी होतात आणि चहा-पोह्यांच्या तयारीला लागतात. फोडणी टाकण्याआधी शेगडीवरचा धूर ओढणारा पंखा लावायला पहिल्याच दिवशी शिकवा, नाहीतर धुराचा भोंगा अख्ख्या बिल्डिंगला उठवतो.