झटका मशीन लावलंय, तरी रानडुक्कर शेतात? या चुका टाळा

कुंपणाच्या तारेत झटके सोडणारं मशीन टक-टक करतंय, दिवा लुकलुकतोय, आणि सकाळी बटाट्याच्या सऱ्या नांगरल्यासारख्या उलटलेल्या. इंदूरच्या दक्षिणेला सिमरोल, चोरल, महू, मानपूर या जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यात शेती करणाऱ्यांना ही सकाळ चांगलीच ओळखीची आहे. मग दुकानात जाऊन आणखी मोठं मशीन आणलं जातं. बहुतेक वेळा मशीनचा काहीच दोष नसतो. दोष तारेच्या उंचीत असतो, नाहीतर अर्थिंगमध्ये.

खालची तार फार वर

रानडुक्कर कुंपणावरून उडी मारत नाही, खालून घुसतं. त्याच्या अंगावर राठ केस आणि जाड कातडी असते, तिथे झटका नीट बसत नाही. ओलसर आणि उघडं असतं ते नाकाड. म्हणून पहिली तार जमिनीपासून १५ ते २० सेंटीमीटरवर हवी, दुसरी ४० वर, तिसरी ६५-७० वर. खालची तार ३० सेंटीमीटरवर गेली की नाकाड खालून आत शिरतं आणि तार कानामागे लागते. नाकाला झटका बसला तर जनावर मागे फिरतं, मानेवर बसला तर पुढेच उसळतं, म्हणजे थेट तुमच्या पिकात.

जमीन उंचसखल असेल तर खांब ४-५ मीटरवर घ्या आणि तारेची उंची खांबापाशी नव्हे, दोन खांबांच्या मधोमध मोजा. सगळं कुंपण ठाकठीक आणि नाल्याच्या जागी हातभर भगदाड, ही चूक तर जागोजागी दिसते. डुकरं नाल्यातूनच येतात. तिथे आडव्या तारेपासून खाली लोंबत्या तारा सोडा आणि त्या भागाला वेगळा कट-आउट स्विच ठेवा, म्हणजे पूर आल्यावर तेवढाच भाग बंद करता येईल.

अर्थिंग: एक सळई ठोकली की झालं, हा समज

झटका तारेतून जनावरात, जनावरातून जमिनीत आणि जमिनीतून परत मशीनच्या अर्थिंगला पोचतो, तेव्हाच फेरा पूर्ण होतो. परतीची वाट अडली तर १० हजार व्होल्टचं मशीनही गुदगुल्याच करेल. आपली माळव्याची काळी माती पावसाळ्यात उत्तम साथ देते. फाल्गुन-चैत्रात मात्र ती आकसते, भेगा पडतात आणि सळईभोवती बोटभर पोकळी तयार होते. सळई जमिनीत असते, पण मातीला चिकटलेली नसते.

किमान तीन जस्ताच्या मुलाम्याच्या सळया घ्या, प्रत्येकी दीड ते दोन मीटर लांब. त्या एकमेकींपासून ३ मीटर अंतरावर, शक्यतो मोटारीचं पाणी जिरतं अशा ओलसर जागी ठोका. घराच्या किंवा मोटारीच्या अर्थिंगपासून त्या १० मीटर तरी लांब हव्यात.

तपासणी अशी करा. मशीन बंद करून शंभर मीटर पुढे तीन-चार लोखंडी पहारी जमिनीत रोवून जिवंत तारेला टेकवा. मशीन चालू करा. तारेचा दाब २००० व्होल्टच्या खाली आला पाहिजे. आता शेवटची अर्थिंग सळई आणि तिच्यापासून मीटरभर लांब जमिनीत खोचलेली खुंटी यांच्यात कुंपणाचा व्होल्टेज टेस्टर लावा. ३०० व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर सळया वाढवा. उन्हाळ्यात तरीही जमत नसेल, तर मधली तार मशीनपासून सोडवून अर्थिंगला जोडा. डुक्कर खालची आणि मधली तार एकदम रेटतं, मग जमीन कोरडी असली तरी झटका बसतो.

मोजमाप मशीनपाशी

मशीनजवळ ८००० दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. सगळ्यात लांबच्या टोकाला भर पिकात ४००० व्होल्ट मिळाले पाहिजेत. कमी भरले तर आधी कुंपण सोडवून मशीन एकटं मोजा. मशीन ठीक असेल तर लाइन अर्धी-अर्धी वेगळी करत मोजत जा, दोष सापडतो. रात्री तडकलेल्या इन्सुलेटरवर निळसर ठिणगी दिसते, ‘चट-चट’ ऐकू येतं. सोयाबीनच्या दिवसांत गुन्हेगार बहुधा तारेला टेकलेलं गवतच असतं, तेव्हा तारेखालचा फूट-दीड फूट पट्टा साफ ठेवा.

तार जीआय (जस्ताच्या मुलाम्याची), अडीच मिलिमीटरची घ्या. एक हेक्टर चौकोनी शेताचा घेर ४०० मीटर, म्हणजे तीन ओळींना १२०० मीटर, वजनाने सुमारे ४६ किलो. बाइंडिंग वायर नको. फाटकाखालून घरगुती वायर टाकू नका, तिचं आवरण इतका दाब सोसत नाही. दुहेरी आवरणाची कुंपणाचीच केबल घ्या.

बॅटरीचा हिशेब दुकानदारावर सोडू नका. मशीन ०.३ अँपिअर ओढत असेल तर १२ तासांच्या रात्रीला ३.६ अँपिअर-तास लागतात, चार ढगाळ रात्रींना १४.४. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरू द्यायची नाही, म्हणून ३० अँपिअर-तासांची हवी. बॅटरी भरणारं सोलर पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, साधारण २३ ते २५ अंश तिरपं.

जिवावर बेतणाऱ्या चुका

मशीन कमी पडतंय म्हणून तारेत सरळ लाइटचा करंट सोडणं हा माणसं मारणारा प्रकार आहे. झटका मशीनचा ठोका सेकंदातून एकदा, सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ असतो, म्हणून हात सुटतो. २३० व्होल्टचा प्रवाह सलग असतो, स्नायू आवळून धरतो आणि सोडत नाही. रात्री पाणी फिरवायला निघालेला शेजारी त्याच बांधावरून जातो. काटेरी तारेतही झटका सोडू नका, अडकलेला माणूस सुटत नाही. रस्ता आणि पायवाटेपाशी पिवळी पाटी लावा. क्लच वायरचे फास तर लावूच नका, याच जंगलात बिबटे आहेत.

आणि बंदूक. पीकसंरक्षणासाठीचा शस्त्र परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाचं नुकसान होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव अभिरक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी आदेश देऊ शकतो, त्याआधी गोळी चालवणं गुन्हाच. पाखरांसाठीचे बारीक छर्रे १२ बोरच्या बंदुकीत भरून डुकरावर झाडणंही घातक: नराच्या खांद्यावरच्या जाड थरात ते अडकतात आणि जखमी नर सुळे रोखून माणसावर येतो. आदेशानुसार मारलेलं जनावरही सरकारी मालमत्ता असतं, ते जागेवरून न हलवता वनविभागाला कळवा.